एकदम न पिकणारं झाड

आई गेल्यावर तिच्या कुंड्या द्यायला मी रोपवाटिकेत गेले होते. रांगेत पुढे बहीण-भाऊ होते. त्यांच्याकडे पिशवीभर पीच आणि ओल्या कापडात गुंडाळलेल्या काड्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी एक फळ कापलं.

"चव छान आहे. पण गर कोयीला चिकटतो. झाड कसं वाढतं?"

"आडवंतिडवं. या आमच्या धाकट्यासारखं."

"ताई, गप्प बस जरा."

"फळं एकदम पिकतात का?"

"छे. आज एक, उद्या दोन. महिनाभर चालतं."

"मग बागेला उपयोग नाही. रोज कोण तोडत बसणार?"

"आमचे बाबा तोडायचे. आई अंथरुणाला खिळली होती, तिला रोज एक लागायचं."

"देठाशी अंगठ्याने दाबून बघायचे. तिथे डाग पडायचा. आई म्हणायची, सही केलेलंच आणा."

"घर विकलंय, मॅडम. नवे मालक झाड काढणार आहेत."

"त्यापेक्षा सुधारित जात देऊ? सगळी एकदम पिकते."

"नको. याच काड्यांचं कलम करा. माझ्या अंगणात लावीन."

"दोन करा, मॅडम. मी रोज हिच्याकडे कुठे जाऊ?"