एक्स्टर्नलसाठी द्राक्षं

हे लिहिणारच नव्हतो, पण दोन दिवस झाले, हसू जात नाय. नारायणगाव स्टँडवर जुन्नरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी बाप-लेक. बापाच्या मांडीवर द्राक्षांची पेटी, लेकीच्या हातात कॉम्प्युटरचं जर्नल.

"स्नेहा, पेपर निघाला ना तुझा? मग घाबरती कशाला?"

"आप्पा, पेपर येगळा, प्रॅक्टिकल येगळं. दोन्हीत पास व्हावं लागतं."

"म्हंजी डेअरीवानी. दूध घागरभर, पण फॅट लागलं न्हाई तर परत."

"तसंच. मागल्या येळी मधीच लाइट गेली, प्रोग्रॅम सेव्ह नव्हता केला. आज राहिलं तर वर्ष गेलं."

"मार्क कोण देतं?"

"निम्मे आमचे सर, निम्मे एक्स्टर्नल. ते दुसऱ्या कॉलेजातून येत्यात."

"म्हून तर पेटी आणली!"

"कुणाला?"

"त्यास्नीच. बाहेरून आलेला पावणा मोकळ्या हातानं धाडायचा व्हय?"

"आप्पा! लाच म्हणत्यात त्याला! मलाच बाहेर काढतील!"

"अगं हळू! बरं, मार्क भरून झाल्यावर देतो."

"आन् नापास केलं तर?"

"तरी देतो. पावणा हाये गं, त्याचा काय दोष?"

"आप्पा, तुमी ना..."

"हसती काय? सेव्ह कर म्हंजी झालं."

"दर ओळीला करते. पण तुमी गेटवरच थांबा!"

प्रबुद्ध, गड्या, हे तुझ्यासाठीच लिहिलं; सोमवारी तुझं हेच प्रॅक्टिकल, तिसऱ्यांदा. मी कॉलेजात कधी शिकलो नाय, पण गेटवर पेटी घेऊन उभा राहतो. मार्क भरल्याशिवाय आत येणार नाय, शब्द देतो.