शकूचा मेसेज अडला

मंडळी, टाळ जरा विसावू द्या, आणि मला एवढं सांगा — ज्याच्यावर आपली माया, त्याच्यासाठी आपण किती ठरवायचं? त्याचा हात धरायचा, की हात बांधायचा? बोला! ... बरं, आधी गोष्ट ऐका!

कुरुंदवाडात हेरंब नावाचा पोरगा. हुशार! गावासाठी त्यानं स्वतः मेसेजचं ॲप बनवलं; बाहेरगावचे मेसेजही त्यातच यायचे. गाव खूश! आमचे पेटीवाले बुवा तर उठल्यापासून गुलाबाची फुलं पाठवतात — हां, हसू नका, त्यांना थांबवणारं ॲप अजून जन्मायचंय!

पण एके दिवशी हेरंबच्या आईला, इंदूताईंना, कुणा भामट्याचा मेसेज आला — 'पोलीस बोलतोय, तुमच्या मुलाला अटक झालीय!' बाई भरल्या ताटावरून उठली, हेरंबला हाका मारत सुटली! हेरंब असा पेटला! ॲपमध्ये नियमच घातला — अनोळखी नंबरचा मेसेज आत येणार नाही. येऊ बघत होता, एवढंसुद्धा कळणार नाही!

आई म्हणाली, "अरे, निदान कोण आलंय ते दिसू दे. वाचायचं की नाही, मी बघेन."

"आई, तुला नाही कळत त्यातलं!"

तुला नाही कळत! किती घरांत ऐकू येतं हो हे?

तिकडे बेळगावात इंदूताईंची बालमैत्रीण शकुंतला अंथरुणाला खिळलेली. तरुणपणी एका शब्दावरून दोघींचं बोलणं तुटलेलं. तिनं कुठून कुठून नंबर मिळवला, लेकीकडून मेसेज लिहून घेतला. रोज विचारायची — "आलं का गं उत्तर?" लेक फोन बघायची, 'अजून नाही' म्हणायची.

शकुंतला गेली. दिवसकार्य उरकून लेक कुरुंदवाडला आली. म्हणाली, "मावशी, आई शेवटपर्यंत म्हणत होती, इंदीचा राग काही गेला नाही."

"कसला राग? मला काही आलंच नाही गं!"

हेरंब तिथंच बसला होता. त्याच्या लक्षात आलं — आपल्याच नियमानं अडवलं! त्यानं अडवलेले मेसेज काढले, आईपुढं धरले. 'इंदे, चुकलं माझं. एकदा येऊन जा.' खाली पुन्हा — 'येतेस ना?'

माउली रडलीसुद्धा नाही हो! म्हणाली, "चोर अडवलास, चांगलं केलंस. पण माझ्या शकूला परत पाठवायचं की नाही, हे मला विचारायचं होतंस रे."

हेरंबनं नियम बदलला. उडवून नाही टाकला — भामटे काय संपलेत? आता अनोळखी मेसेज बाजूला थांबतो, 'सावध!' म्हणतो, आणि उघडायचा की नाही, ते ज्याचा फोन त्यानं ठरवायचं. गावानं वाहवा केली. वाहवा ऐकली, की हेरंब मान खाली घालतो. बेळगावला जाऊन आता क्षमा मागणार कुणाची?

त्यानं पाप केलं का? नाही! मायाच केली. विचारलं मात्र नाही!

आता माझ्याकडं बघू नका, स्वतःकडं बघा! सुनेचा फोन, लेकीच्या मैत्रिणी, म्हाताऱ्या बापाचं बाहेर जाणं — 'तुझ्या भल्यासाठी' म्हणत काय काय बंद केलंय? घरी जा. जवळ बसा. आणि विचारा — विचारायला माणूस आहे तोवर!