बाकीच्या गाड्या

२००६ च्या उन्हाळ्यात हर्षाली मुरबाडच्या एसटी स्टँडवर धसईच्या गाडीची वाट बघत बसली होती. तिच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची लेक येऊन बसले. ते कॉम्प्युटरचा डबा दुरुस्तीवाल्याला दाखवून परत चालले होते. हर्षालीनं पिशवी सरकवून डब्याला जागा करून दिली.

"वैजू, नवं ग्राफिक कार्ड घातलं ना गो? मग अनंताचा गाड्यांचा गेम अजून अडकतो कशाला?"

"प्रोसेसर जुना आहे, बाबा. चित्रं काढायचं काम कार्डाचं. पण कुठली गाडी कुठं वळणार, ते प्रोसेसर ठरवतो. त्याचं ठरेपर्यंत कार्ड नुसतं थांबून राहतं."

"म्हंजे भाताच्या आवणीला बाया तयार, पण रोपांच्या मुठी पोचवणारा हळू."

"तसंच. नवा प्रोसेसर यात बसत नाय. दुकानदार बोलला, गेममधल्या रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या काढा, मग सरळ चालेल."

"काढ मग. पाय गेले नि त्याचा टेम्पो सुटला, आता चालवायला हा गेम तेवढाच."

"दादाच नको म्हणतो. रिकाम्या रस्त्यावर एकटा कुठं जाऊ, म्हणतो."

म्हाताऱ्यानं डबा आपल्याजवळ ओढला.

"दोघांना खेळता येतो काय गो तो?"

"येतो. का?"

"आणि प्रोसेसरला एक जास्तीची गाडी झेपेल?"

"एक झेपेल."

"मग बाकीच्या काढ. त्याच्यासंगं एक मी चालवीन."

"बाबा, तुमाला सायकल पण नाय येत."

"शिकवील ना तो."