पापनाशमच्या वाटेवरची पिकअप
आमच्या जुन्या डिझेल पिकअपची पहिली फेरी सांगतो, ऐका. सुधानं, माझ्या बायकोनं, शाळेतली नोकरी सोडून लग्नाच्या जेवणाची कामं धरली होती. पहिलंच लग्न पापनाशमला, गाडीत सांबार-भाताची पातेली भरलेली. वाटेत रेल्वे फाटकापाशी गाडी बंद केली, ती पुन्हा सुरूच होईना! मागे बसचा भोंगा, इकडे सुधा रडकुंडीला आलेली.

बसमधून रेशमी वेष्टी नेसलेले एक आजोबा उतरले. "जेवण कुणाच्या लग्नाचं?"

सुधानं नाव सांगितलं. आजोबा बसकडे वळून ओरडले, "उतरा सगळे! सांबार आपलंच आहे!"

अख्खं वऱ्हाड ढकलायला लागलं आणि इंजिन धडधडलं.

जेवणं झाल्यावर आजोबा सुधाला म्हणाले, "नातीच्या लग्नालाही तुम्हीच या. ढकलायला आम्ही आहोत."