मेव्हण्याच्या ट्रेलरचा हुक

दोन हजार अठराचा उन्हाळा, मे महिना सरत आलेला — तेव्हा बसवला मी हा हुक तुझ्या गाडीला. त्यानंतर एकदा तरी खाली वाकून बघितलंस? मान हलवू नकोस, गंजच सांगतोय. आणि आज ताईचं कपाट न्यायला आलास, शिलाईचं मशीन न्यायला आलास, वर दोरी आवळून मोकळाही झालास. इंजिन बंद कर. बंद कर म्हणतो ना. माझ्या दारातून न तपासलेला ट्रेलर आजवर बाहेर गेलेला नाही, मेव्हण्याचा म्हणून जाणार नाही. चहा विचारत नाही. घरात करायला कोणी नाही, ते तुला ठाऊकच आहे.

ये इकडे, गुडघे टेक. पँट कसली सांभाळतोस, तुला काय कुणी बघायला येणार आहे या वयात? जॅक लाव, टोपी वर उचल — कमरेने नको, जॅकने. हा गाडीच्या मागचा गोळा, ही ट्रेलरची टोपी. टोपी गोळ्यावर बसली, खटका लागला, की तुम्हाला वाटतं झालं काम. अरे, गोळा जरासा लहान असला तरी खटका लागतो — दिसायला चोख, आणि पहिल्या खड्ड्यात टोपी उडून बाहेर. बोट घाल आत. चाचपून बघ. एका अंगाने झिजलीय, पण अजून चालेल. आता गोळ्याखालचा नट — पाना दे. तो नव्हे, मोठा. फिरला बघ. सैल होता, बाबा, सैल. आणि हे काय, खटक्याच्या पिनेच्या जागी खिळा? खिळ्यावर माझ्या बायकोचं कपाट नेणार होतास? साखळ्याही सरळ लावल्यास. खालून फुली पाड त्यांची. टोपी सुटलीच तर ट्रेलरचा हा पुढचा दांडा त्या फुलीवर पडतो, रस्त्यात रुतत नाही. हे मी तुला आधीही सांगितलंय. तुझ्या ताईला पाठ आहे, तुला नाही.

दांड्याला रंग कोणी दिला? तूच? छान दिसावं म्हणून? छान दिसतंय हो. आता त्या रंगाखाली वेल्डिंगला चीर असली तर दिसणार कशी? डोळ्याला दिसत नाही ती आवाजाला सापडते. हातोडी दे. चांगलं लोखंड ठणकन वाजतं, आवाज लांबत जातो. चीर असली की बद्द. फुटक्या माठासारखं. ऐक — हं. काय आलं? मला काय विचारतोस, मी तुला विचारतोय. शिकवतोय तुला. पुन्हा मारतो. बोल — तोंड माझ्याकडे करून बोल, तिकडे बघून काय पुटपुटतोस? राहू दे, हाताने सांग. पंजा उघडा म्हणजे चांगलं, मूठ म्हणजे चीर. मारतो हं — अरे, हातोडी अजून वरच आहे आणि तुझा पंजा उघडा! तुला जायची घाई, तू काय सांगणार. नाक ताईसारखं, डोळे ताईसारखे, पण तिच्या चेहऱ्यावर मला वाचता यायचं. तुझ्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

असा काय बघतोस? कळलं ना? कळलंच असेल. तिने सांगितलं नाही तुला? काहीच नाही? एवढी रागावून गेली, तुझ्या घरी येऊन राहिली, आणि हे नाही सांगितलं?

झाकून ठेवलं तिने. तिथेही.

दोन वर्षं होत आली. आधी डावा कान गेला, मग उजवा. समोर बघून मोठ्याने बोललं की निम्मं ओठांवरून लावतो. इंजिनाची धडधड छातीत कळते. पण लोखंड — लोखंड नाही कळत. ती त्या खिडकीत मशीन घेऊन बसायची. मी हातोडी मारायचो, ती कापडावरून हात उचलायची. पंजा, नाहीतर मूठ. एकदाही चुकली नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी खिडकीकडे. मग तो जाडा ट्रान्सपोर्टवाला आला, ओरडून बोलतो तो. म्हणाला, म्हातारबा, काय कान आहे हो तुमचा, ती चीर कोणाला सापडली नव्हती! मी काय म्हणालो असेन? म्हणालो, असा कान शोधून सापडायचा नाही. खिडकीत बसलेली ती, आणि मी हे म्हणालो. वर तिलाच सांगितलं, पाणी आण. आणलं तिने. पेला ठेवला, आत गेली आणि मशीनवर खोळ घातली. जेवताना माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाली — अहो, चारचौघांत एकदा तरी म्हणायचं होतं. मी विचारलं, काय म्हणायचं होतं? कळत होतं मला काय ते. तरी विचारलं. सकाळी ती बसथांब्यावर होती. मी गेलो नाही मागे.

कानाचं यंत्र घ्या म्हणून कितीदा मागे लागली होती. मी म्हणायचो, कानात यंत्र घातलेल्या माणसाकडे आवाज तपासायला कोण येईल? आता सांग, मी काय करू? ही पहार दातात धरून दांड्याला टेकवतो, हाडातून आवाज पोचतो म्हणतात — हसू नकोस — तू मार. मार जोरात. दात शिवशिवले, बस. रंग खरवडू? नजर तरी कुठे राहिलीय पहिल्यासारखी? हा दांडा चांगला की वाईट, मला माहीत नाही. माझ्या दारात उभा आहे, माझ्या हातात हातोडी आहे, आणि मला माहीत नाही. जाऊ दिलं आणि उतारावर सुटला, तर कपाट फुटेल ते फुटू दे, मागून कोणी सायकलवर येत असेल त्याचं काय? अडवलं तर ती म्हणणार, म्हाताऱ्याने सामानसुद्धा अडवलं. म्हणेलच. मी तिच्या जागी असतो तर म्हणालो असतो.

थांब. धूळ कसली? कोणाची गाडी वळली? तोच. जाडा. ट्रेलर घेऊनच आलाय. तू हलू नकोस इथून, ऐकत उभा राहा. तुला कान आहेत.

या, शेठ. नाही, हातोडी आहे तिथेच राहू दे. आधी माझं ऐका. ओरडू नका, ओरडून उपयोग नाही. मला ऐकू येत नाही. हो, मला. दोन वर्षं झाली. तुमच्या ट्रेलरची चीर मी नाही पकडली, माझ्या बायकोने पकडली. त्या खिडकीतून, कपडे शिवता शिवता. तुम्ही वाखाणलात तो कान तिचा. मी नुसती हातोडी मारली. चेष्टा नाही करत, मला चेष्टा जमत नाही. हा तिचा भाऊ, विचारा त्याला — नको, त्यालाही आत्ताच कळलंय. ती आज इथे नाही. म्हणून तुमचा ट्रेलर आज तपासून मिळायचा नाही, ना ह्याचा. नाक्यावरच्या वेल्डरकडे जा. हात कच्चा आहे त्याचा, पण ऐकू येतं. बाकीच्यांना सांगायचं तर खुशाल सांगा.

गेला. तू काय बघतोस? दोरी सोड. कपाट उतरव, मी ह्या बाजूने धरतो. ट्रेलर इथेच राहील. मशीन पुढच्या सीटवर ठेव आणि त्याला पट्टा लाव. माझा निरोप? निरोप काही नाही. तिने म्हणायला सांगितलं होतं, म्हटलं. गिऱ्हाइकासमोर म्हटलं. फिटलं. जा.