बैलाच्या मीमचा अर्थ

तुम्हाला सांगते, दुसरबीडला आमच्या कॉलेजच्या कार्यक्रमात काय झालं ते. प्राण्यांच्या विनोदी मीमवर मी निबंध वाचत होते. पडद्यावर बीटी कपाशीत पाय ताणून पडलेला बैल, खाली ओळ, 'आज आपली सुट्टी!' सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, "हा बैल म्हणजे श्रमिकाने व्यवस्थेला दिलेला नकार आहे."

मागून माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील, रहीमभाई, उभे राहिले. "म्याडम, हा माहा बैल हाय. फवारणीच्या औषधाचं पाणी पेला होता. घंट्याभरात मेला."

मी विचारलं, "मग हा फोटो काढला कोणी?"

"म्याच काढला. लवकर या म्हून ढोराच्या डॉक्टरले पाठवला होता."