साहेबाचं 'गुड'

सांगा, विश्वास कुणावर ठेवावा, डिक्शनरीवर की डोळ्यांवर? पनवेल बंदरातून भरतीला आमचा एकच मचवा सुटायचा होता. मुंबईच्या साहेबाला आवडलेला तांदूळच त्यात चढवायचा, नाहीतर गिऱ्हाईक गेलं! साहेबानं तीन पोत्यांतला तांदूळ मुठीत घेऊन पाहिला, तिन्हींना 'गुड' म्हणाला आणि मोटारीत बसून निघून गेला. मी डिक्शनरी उघडली. उत्तम, बरा, पुरेसा, ताजा, दयाळूसुद्धा! एवढ्याशा शब्दाच्या पोटात केवढं जग! मी थक्कच.

भागीदार कासमभाई हसले, "शेठ, किताब मिटा. दोन मुठी त्यानं पोत्यात परत टाकल्या, तिसरी खिशात घातली. तोच माल भरा."

साहेबानं तोच माल उचलला. त्या नजरेला मी आजही हात जोडतो. तुम्ही दुकान घालताय ना? असा भागीदार मिळाला, तर त्याच्याशी हिशेब तेवढा चोख ठेवा.